दुसऱ्या मजल्यावरची वायर

"सोड ना गं," बाबा खालून ओरडले.

"सोडतेय."

"सोडतेयस की तिच्यावर प्रबंध लिहितेयस?"

मी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभी होते. हातात दोरी, दोरीला बादली, बादलीत वेटोळं करून ठेवलेली जाड वायर. वायरचं एक टोक आमच्या स्वयंपाकघरात, खास या कामासाठी बसवून घेतलेल्या सॉकेटमध्ये होतं. दुसरं बाबांच्या हातात पडायचं होतं. बाबांनी सत्तरी उलटल्यावर विजेवर चालणारी गाडी घेतली होती. घेताना त्यांनी रंग पाहिला, आरसे पाहिले, मागच्या सीटवर स्वतः आडवं होऊन पाहिलं. ती चार्ज कुठे करायची, एवढंच पाहायचं राहिलं. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दिव्यांच्या बटणांपलीकडे विजेचं काहीही नव्हतं. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाला जवळचं दिसू नये, हा विनोद मी त्यांना इतक्यांदा ऐकवला होता की हल्ली तेच तो माझ्याआधी पूर्ण करायचे.

बादली खाली जाताना पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीपाशी थबकली. ती तिथे नेहमीच थबकायची, कारण काकू तिला धरायच्या.

"काय पाठवलंय आज?" त्यांनी बादलीत डोकावून विचारलं.

"वायरच आहे, काकू."

"रोज वायर. कधीतरी चहा पाठव की." त्यांनी बादली सोडली आणि लोंबणाऱ्या वायरवर मोज्यांची जोडी वाळत टाकली. "आत वीज आहे ना, लवकर वाळतात," असं त्यांचं शास्त्र होतं. बाबांनी त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं की तसं होत नाही. त्यावर त्यांनी वाळलेले मोजेच पुराव्यादाखल आणून दाखवले होते.

वायर गाडीच्या ठरलेल्या जागेपर्यंत पोचत नसे. म्हणून चार्जिंगपुरती गाडी आमच्या बाल्कनीखाली, भिंतीला नाक लावून उभी करावी लागे. शिक्षा झालेल्या मुलासारखी दिसायची. बाबांनी प्लग लावला, वर बघून अंगठा दाखवला. मी आत जाऊन बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटून घेतले. मला विजेची भीती वाटते. मला गाडी चालवायचीही भीती वाटते. या दोन्ही भीत्यांवर मी पुष्कळ वाचलेलं आहे, त्यामुळे त्या आता सुशिक्षित भीत्या आहेत.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या एका खोलीत भाड्याने राहणारी सिस्टर ड्युटीवरून आली. तिच्याकडे विजेची स्कूटर होती आणि स्कूटरची बॅटरी काढता यायची. तिच्या खोलीतलं वायरिंग जुनं, प्लग लावला की फ्यूज उडायचा. म्हणून ती बॅटरी लहान बाळासारखी दोन्ही हातांत धरून, लिफ्टने पाचव्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीकडे न्यायची.

"काका, तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला बादली तरी आहे."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "पाहुण्यांच्या दोन जागा आहेत ना उताराजवळ, तिथे दोन पॉइंट. सगळ्यांचे. वेगळा मीटर, पाळीपाळीने लावायचं. ज्याला स्वतःची जागा नाही त्यालाही. इलेक्ट्रिशियनला दाखवून ठेवलंय मी. ही आमची पंडितीण अर्ज लिहितेय."

पंडितीण म्हणजे मी. मी प्रकाशकांकडून आलेल्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. तो अर्ज मी खरोखरच लिहिला होता. संध्याकाळी चहा घेताना बाबांना वाचून दाखवला. पहिल्याच ओळीत ‘सामुदायिक विद्युद्भारण सुविधा’ असं होतं.

"चार्जिंग लिही," बाबा म्हणाले. "तुझा शब्द वाचून लोक इस्पितळात भरती होतील."

"योग्य शब्द आहे तो, बाबा."

"योग्य असेल. पण घरात कोणी बोलावणार नाही त्याला."

मी चिडले, ते हसले. मग मी ‘चार्जिंग’ लिहिलं आणि सूड म्हणून बाकीचं सगळं तसंच ठेवलं. झोपायला जाताना त्यांनी दारातून विचारलं, "उद्या टायरची हवा बघायची आहे, आठवण कर." मी म्हटलं, "तुम्हीच मला करा." त्या दिवशी एवढंच झालं. एखादा दिवस लक्षात ठेवावा असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले आणि तो तसाच परत घेऊन आले.

हे वाक्य मी बराच काळ घासूनपुसून तयार केलं आहे आणि तरीही मुख्य गोष्ट त्यात नाही. दुसऱ्या कुणाच्या मुद्रितात ते दिसलं असतं तर मी समासात ‘म्हणजे काय?’ असं लिहून लाल शाईने गोल केला असता.

डॉक्टर येऊन गेले. झोपेतच, त्रास न होता, असं म्हणाले. त्यानंतर सगळ्यांना कळवणं आलं. मी फोन हातात घेतला, आत्याचा नंबर लावला, पलीकडून "बोल गं" आलं आणि मला पुढे काही सुचेना. काकूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "चष्मेवाले गेले हो," त्या म्हणाल्या, इतक्या सहज आणि इतक्या रडत, की मला त्यांचा हेवा वाटला. मग एकामागून एक सगळे फोन त्यांनीच केले. मी शेजारी बसून फक्त नंबर शोधून दिले.

मी काही वर्षांपूर्वी समानार्थी शब्दांच्या एका कोशाचं काम केलं होतं. त्यात या एका गोष्टीसाठी अख्खं पान आहे. संतांसाठी वेगळे शब्द, राजांसाठी वेगळे, शत्रूसाठी वेगळे, चेष्टेत वापरायचे वेगळे. ते पान मी पुन्हापुन्हा तपासलं होतं, एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आणि आता त्यातला एकही शब्द तोंडातून बाहेर पडत नव्हता. दुकान भरलेलं आणि दुकानदाराची वाचा बसलेली.

वाचा नसली तरी काम भागतं, हे मला लवकरच कळलं. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला.

"सर आहेत का? गाडी सर्व्हिसिंगला आणायची होती."

"सर सध्या नाहीत."

"मग कधी करू फोन?"

"पुढच्या महिन्यात करा."

ती शब्दाची पक्की निघाली. पुढच्या महिन्यात तिने फोन केला. त्याच्या पुढच्याही. आता आमची चांगली ओळख झाली आहे. ती मला तिच्या लग्नाचं सांगते आणि मी तिला पुढचा महिना देते.

सोसायटीच्या कार्यालयातून घर आणि पार्किंगची जागा माझ्या नावावर करून घेण्याचा अर्ज आला. त्यात एक रिकामी ओळ होती, ती काय भरून मागत होती ते मला वाचता येत होतं. मी तो अर्ज फ्रिजवर लावला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्याच्यावर दुधाच्या हिशोबाचा कागद लावला.

पण वायर मात्र मी नेमाने सोडत राहिले. आता खाली प्लग लावायला कोणी नव्हतं. म्हणून आधी बादली सोडायची, मग जिने उतरून खाली जायचं, प्लग लावायचा, पुन्हा वर येऊन डोळे मिटून बटण दाबायचं. गाडी बाबांनी शेवटची ठेवली तशीच भिंतीला नाक लावून उभी होती. कुठे गेली नव्हती, कारण तिला नेणारं कोणी नव्हतं. साहजिकच ती भरलेलीच असायची. मी बटण दाबून बाल्कनीत येईपर्यंत तिचा हिरवा दिवा लागून चार्जिंग पूर्ण झालेलं असायचं.

"अगं पोरी," काकू एकदा बादली धरून म्हणाल्या, "ती काही खात नाही, काही काम करत नाही. तिला रोज काय वाढतेस?"

"बॅटरी उतरते हो, काकू, पडून राहिली की."

"रोज?"

"थोडी थोडी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मोजे वाळत घातले.

एक दिवस सिस्टर दारात आली. बॅटरी हातातच. "ताई, एक विचारू? पाचव्या मजल्यावरची माझी मैत्रीण घर सोडून गेली. तुमची गाडी काही फिरत नाही. स्वयंपाकघरातल्या त्या सॉकेटवर माझी बॅटरी लावली तर?"

मला इतका आनंद झाला की मला लाज वाटली. निदान आता त्या बटणाला काही अर्थ आला. त्या बदल्यात तिने भिंतीला नाक लावलेली गाडी सफाईने मागे घेऊन आमच्या ठरलेल्या जागेत लावून दिली. मी शेजारच्या सीटवर पट्टा आवळून बसले होते. अंतर एवढंसं, तरी पोचल्यावर मी तिचे आभार विमानातून उतरल्यासारखे मानले.

"तुम्ही शिकत का नाही, ताई?"

"मी त्यावर एक पुस्तक वाचतेय," मी म्हणाले. ते खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

आता रोज सिस्टरची बॅटरी लिफ्टने आमच्या मजल्यावर येऊ लागली. एका सकाळी लिफ्टमध्ये तिच्याबरोबर चौथ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण होती. तिच्याकडे पेट्रोलच्या दोन गाड्या आणि पार्किंगच्या दोन जागा. ती लिफ्टमधून बाहेर आली ती थेट अध्यक्षांच्या दारात. "लिफ्टमधून बॉम्ब नेतात लोक," ती म्हणाली म्हणे.

आमचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदारांची मापं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे अंदाजपंचे हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. दोन दिवसांत फलकावर सूचना लागली. बाल्कनीतून वायर सोडायची नाही, लिफ्टमधून बॅटरी न्यायची नाही. भाषा निर्दोष होती. मी चूक शोधत बराच वेळ उभी राहिले.

त्या संध्याकाळी सिस्टर पुन्हा आली, या वेळी हात रिकामे.

"घरमालक म्हणतो, स्कूटर विक किंवा खोली सोड. माझी रात्रपाळी संपते तेव्हा बस नसते, ताई. स्कूटर गेली तर मला खोली इस्पितळाजवळ बघावी लागेल आणि तिथलं भाडं मला झेपणार नाही. काकांनी तो अर्ज केला होता ना? दोन पॉइंटचा? तो सभेत मांडा ना. मला मांडता येत नाही, मी भाडेकरू."

अर्ज मी मांडला. म्हणजे अध्यक्षांच्या पत्रपेटीत टाकून पळून आले.

आमच्या सोसायटीची सभा पार्किंगमध्ये, उभ्याने होते. खुर्च्या दिल्या तर लोक उठत नाहीत, असा अनुभव आहे. मत द्यायची रीतही आमची आमचीच आहे. पूर्वी हात वर करायचे, पण कुणी दोन्ही हात वर करी, कुणी डोकं खाजवी आणि तेही धरलं जाई. मग अध्यक्षांनी ठरवलं की ज्याची जागा त्याने आपल्या जागेत, पांढऱ्या पट्टीच्या आत उभं राहायचं. ज्याला ठराव मान्य आहे त्याने पट्टी ओलांडून एक पाऊल पुढे टाकायचं. ते पाऊल अध्यक्ष स्वतः फिरून मोजतात. पट्टीवर उभा राहिलेला धरत नाहीत.

त्या रविवारी सकाळी मी आमच्या गाडीच्या पुढे, पट्टीच्या आत उभी राहिले. हातात भाषण होतं. त्यात मी दिव्याच्या शोधापासून सुरुवात केली होती. दुसऱ्या पानावर मी अजून गॅसबत्तीपाशीच होते तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, वीज येईपर्यंत जेवायची वेळ होईल." सगळे हसले. मीही हसले, कारण बाबांनी नेमकं हेच म्हटलं असतं. कागद घडी घालून मी त्यांचं म्हणणं त्यांच्याच पद्धतीने सांगितलं: दोन पॉइंट, पाहुण्यांच्या जागेत, सगळ्यांचे, वेगळा मीटर, पाळीपाळीने.

"ज्याला हवं त्याने आपापल्या जागेत घ्यावं ना ओढून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं कशाला?"

"आणि ज्याला जागाच नाही त्याने?" उताराजवळ उभी असलेली सिस्टर म्हणाली.

"भाडेकरूंनी बोलायला हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पाऊल टाकायचं नाही."

"आग लागली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"आग बाल्कनीतल्या वायरनेच लागेल आधी," मी म्हणाले. "म्हणून तर नीट लाइन घ्यायची. इलेक्ट्रिशियनचं पत्र अर्जाला जोडलेलं आहे."

"माझ्या मोज्यांना अजून तरी काही झालेलं नाही," काकूंनी माझ्या बाजूने, पण मला न मानवणारी साक्ष दिली.

आणखी थोडी वादावादी झाली. कुणाला मीटर कुठल्या भिंतीवर बसणार याची काळजी, कुणाला पाहुण्यांची. मग अध्यक्षांनी हातातली पाटी वर केली आणि सगळे आपापल्या जागी गेले. "मान्य असेल त्यांनी," ते म्हणाले.

पावलं वाजली. काकूंनी तर दोन टाकली आणि एक परत घेतलं. मी पट्टी ओलांडली. ज्यांच्याकडून आशा नव्हती असेही दोघेतिघे पुढे आले. अध्यक्ष मागे हात बांधून रांगेतून फिरले, एकेका बुटाकडे पाहत. माझ्यासमोरून गेले, थांबले नाहीत. उताराशी पोचून वळले.

"एक कमी पडतं," ते म्हणाले.

"असं कसं? हिचं धरलंत का?" काकू.

"नाही."

"का नाही?"

अध्यक्ष माझ्यापाशी आले. त्यांच्या नाकावर बाबांनीच बसवून दिलेला चष्मा होता. तो घसरू नये म्हणून कानामागे कुठे वाकवायचा यावर दोघांनी एकदा अख्खी दुपार घालवली होती. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ही जागा तुमच्या वडिलांच्या नावावर आहे, ताई. रजिस्टरमध्ये मालक अजून तेच आहेत. मालक हजर नसेल तर पाऊल धरत नाही मी. कुणाचंच धरलेलं नाही आजवर."

"अहो, माहीत आहे ना सगळ्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धरा की. माझ्या विरुद्ध गेलं तरी चालेल, मला दवाखान्यात जायचंय."

"आणि मग पुढच्या सभेत तुम्हीच आक्षेप घ्याल."

"घेईन की," त्या म्हणाल्या, आणि लोक हसले.

"मला माहीत आहे, पण मला माहीत असलेलं मी नोंदवू शकत नाही," अध्यक्ष पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले. "कागद नंतर दिलात तरी चालेल. पण घरातल्या माणसाने सभेत तसं सांगावं लागतं. तोंडी पुरे. मग वारस म्हणून तुमचं पाऊल मी मोजतो."

तोंडी पुरे. मी तोंड उघडलं.

"बाबा सध्या..." मी म्हणाले. तेवढ्यात सर्व्हिस सेंटरमधली मुलगी आठवली आणि मी थांबले. पुन्हा सुरुवात केली. "म्हणजे ते आता इथे..." मग म्हणाले, "आपल्याला कल्पना आहेच की." हे वाक्य मी इतरांच्या लेखनातून शेकडो वेळा खोडलेलं आहे. कल्पना आहे तर लिहिता कशाला, असं मी विचारत असे.

अध्यक्षांनी मान हलवली, पण पेन उघडलं नाही. सगळे आपापल्या गाड्यांच्या पुढे उभे होते. पुढे आलेले पुढेच, मागे राहिलेले मागेच. मला कोशातलं ते पान स्पष्ट दिसत होतं. डाव्या बाजूला भारदस्त शब्द, उजवीकडे साधे. मला त्यातला एखादा असा शब्द हवा होता की जो म्हणताना तो माझ्या बाबांबद्दल आहे असं वाटणार नाही. तो कोशात नव्हता. आम्ही घ्यायचा विसरलो असणार.

सिस्टर उताराशी उभी होती. तिने काही खूण केली नाही, विनवणी केली नाही. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती आणि तिचे डोळे मिटत होते. रोज कुणाच्या तरी मुलीला किंवा मुलाला बाजूला घेऊन हीच गोष्ट ती सांगत असेल. कुठला शब्द वापरत असेल, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"थांबा, मी सांगते," काकू पुढे येत म्हणाल्या. "चष्मेवाले..."

"तुम्ही घरातल्या नाही," अध्यक्ष म्हणाले, अगदी हळू.

"घरातली नाही कशी? माझ्या बाल्कनीतून यांची वायर जाते!"

"काकू," मी म्हणाले. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्या थांबल्या. त्यांचे डोळे केव्हाच भरून आले होते. त्यांना ते जमतं. "काकू, राहू दे. माझं आहे ते."

मग मी अध्यक्षांकडे वळले आणि त्यांनी पेन उघडेपर्यंत थांबले.

"ही जागा माझ्या वडिलांची आहे," मी म्हणाले. पार्किंगमध्ये आवाज घुमतो, हे माझ्या लक्षात नव्हतं. तो उतारापर्यंत गेला आणि मलाच परत ऐकू आला. "माझे बाबा वारले."